एसी, आई-बाबा आणि विजेचे बिल



मे महिना उजाडला की आपल्या दुबई-शारजातल्या मराठी घरांत दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. एक म्हणजे भारतात जायची तिकिटे आणि दुसरी एसी. कुणाचा गळतो, कुणाचा गार करत नाही, कुणाचा रात्रभर घरघरतो. आणि बिल आले की सगळ्यांना देव आठवतो. इथल्या वीज-पाणी खात्याचे नावही ‘देवा’च, तेव्हा आठवण अगदी योग्य पत्त्यावर जाते!

ज्यांच्या इमारतीत मध्यवर्ती थंडाव्याची सोय आहे त्यांनी हा लेख सावकाश वाचला तरी चालेल. बर दुबई, करामा, शारजा इथल्या जुन्या इमारतींत ज्यांच्या खोलीखोलीत विंडो किंवा स्प्लिट एसी आहे, त्यांच्यासाठी तो मुख्यतः लिहिला आहे. आणि ज्यांचे आई-बाबा या उन्हाळ्यात इकडे येणार आहेत, त्यांनी तर नक्की वाचावा. कारण आमच्याकडे जे झाले ते तुमच्याकडे होऊ नये.

आमच्याकडे काय झाले

२०२३ च्या जुलैत आमचे आई-बाबा सांगलीहून दीड महिन्यासाठी आले होते. आम्ही दोघेही नोकरीवर. सकाळी निघताना एसी लावून जात असू. संध्याकाळी घरी आलो की एसी चालू, सगळे ठीक. नंतर कळले की आमची पाठ फिरली की बाबा एसी बंद करत आणि आम्ही यायच्या अर्धा तास आधी परत लावत. खिडकी उघडून ‘मोकळी हवा’ घेत.

एके दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आईंचा फोन आला. बाबा काहीतरीच बोलत होते, आईंना ओळखल्यासारखे करत नव्हते. आम्ही तिथूनच ९९८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स पाठवली. घरी पोचलो तर खोली म्हणजे भट्टी. बाबांना दोन रात्री रुग्णालयात ठेवावे लागले. सलाईन लागले आणि देवाच्या कृपेने सगळे निभावले.

घरी आल्यावर विचारले, “बाबा, एसी का बंद केलात?”

ते म्हणाले, “अरे, तुम्हीच त्या दिवशी बिल बघून म्हणत होता ना, या महिन्यात फार आलं म्हणून? आम्हा दोघांसाठी दिवसभर कशाला जाळायची वीज?”

बिलाबद्दल आम्ही आपसात बोललो होतो, तेही जेवणाच्या टेबलावर. ऐकणाऱ्याने मनाला लावून घेतले. तेव्हापासून आम्ही एसीचा थोडा अभ्यास केला. त्यातून कळलेले इथे देत आहोत.

एसी थंडी तयार करत नाही

एसी गारवा बनवत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. विहिरीतले पाणी मोटारीने उपसावे तसे. खोलीतली हवा आतल्या थंड नळ्यांवरून जाते, नळ्यांमधला वायू तिची उष्णता घेतो, कंप्रेसर त्या वायूवर दाब देतो आणि बाहेरच्या जाळीतून ती उष्णता बाहेर जाते. एवढे लक्षात ठेवले की पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

‘दीड टन’ म्हणजे वजन नव्हे. पूर्वी गारव्यासाठी बर्फ वापरत. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी उपसण्याची ताकद म्हणजे १ टन. आजच्या भाषेत तासाला १२,००० बीटीयू किंवा साधारण ३.५ किलोवॅट.

१६ वर लावल्याने लवकर गार होते का?

नाही. रिमोटवरचा आकडा म्हणजे वेग नव्हे, कुठे थांबायचे त्याची खूण. खोली ३४ अंशांवर असताना १६ लावा नाहीतर २४, कंप्रेसर तेवढ्याच जोराने उपसा करतो. फरक इतकाच की १६ लावल्यावर तो बहुधा थांबतच नाही. बाहेर ४३ अंश असताना खोली १६ ला पोचणारच नाही आणि मीटर मात्र पळत राहील.

२४ हा आकडा ‘देवा’ही सुचवते. भारतातही जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू केला की आपोआप २४ वर येईल, असा नियम आहे. तिथल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा अंदाज असा की तापमान १ अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २४ वर एसी आणि जोडीला टेबल फॅन ठेवला तर फार सुखाचे होते. फॅन जेमतेम ५०-६० वॅट घेतो.

आता बिलाचा हिशेब

दुबईत घरगुती विजेचे दर टप्प्यांत आहेत. महिन्याच्या पहिल्या २,००० युनिटांना २३ फिल्स, पुढच्या २,००० ना २८, त्यापुढच्या २,००० ना ३२ आणि त्यावर ३८. इंधन अधिभार आणि व्हॅट वेगळा.

दीड टनाचा एसी कंप्रेसर चालू असताना साधारण २ किलोवॅट घेतो असे धरू. सकाळी अकरा ते दुपारी चार असे पाच तास तो एकदाही न थांबता चालला, तरी १० युनिटे होतात. २८ फिल्सच्या दराने २ दिरहम ८० फिल्स. सर्वात महाग टप्प्यातही ३ दिरहम ८० फिल्स.

मंडळी, बाबांनी जी ‘बचत’ केली ती दिवसाला एवढी होती. एका शावर्माचेही पैसे नाहीत!

मग खरी बचत कुठे आहे? उष्णता आत येऊ न देण्यात.

- पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावा आणि दुपारी बारापासूनच ओढून ठेवा. बाहेरून सावली करता आली तर आणखी चांगले, कारण ऊन काचेतून आत आल्यावर अर्धी लढाई हरलेलीच असते.
- विंडो एसीच्या कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बुजवा. दाराखालच्या फटीला कापडाची गुंडाळी लावा.
- पुरणपोळीचा घाट, कुकरच्या शिट्ट्या सकाळी लवकर उरका आणि स्वयंपाकघराचे दार लावून घ्या. ती वाफ शेवटी एसीलाच उपसावी लागते.
- ज्या खोलीत माणसे आहेत तीच गार करा. दुपारी सगळ्यांनी एका खोलीत बसले तर गप्पाही होतात.
- नवीन एसी घेताना तारे पाहा. आणि तो इथल्या हवेसाठी बनवलेला, म्हणजे ‘टी-३’ वर्गाचा आहे का ते विचारा. साध्या ‘टी-१’ वर्गाची चाचणी बाहेर ३५ अंश धरून होते, ‘टी-३’ ची ४६ अंश धरून. इथल्या उन्हाळ्यात हा फरक जाणवतो.

जाळी धुणे हे घरचेच काम

इथे धूळ आणि वाळूला तोटा नाही. जाळी तुंबली की हवा जात नाही, उपसा कमी होतो आणि बिल वाढते. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी जाळी धुवा. आधी रिमोटने आणि मग भिंतीवरच्या स्विचनेही एसी बंद करा. जाळी काढून कोमट पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि मगच बसवा.

बाहेरच्या भागाची सफाई कारागिराकडूनच करून घ्यावी. नवव्या मजल्यावरून खिडकीबाहेर वाकून ब्रश मारण्याचे शौर्य कृपया कुणी दाखवू नये.

आतल्या नळ्यांवर बर्फ जमला तर ‘वा, काय गार करतोय’ असे समजू नका. एकतर जाळी तुंबली आहे किंवा वायू कमी झाला आहे. फक्त पंखा चालू ठेवून बर्फ वितळू द्या, जाळी धुवा, तरीही जमला तर कारागीर बोलवा. तो दर वर्षी ‘गॅस भरावा लागतो’ म्हणाला तर मात्र थांबा. हा वायू पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. आधी गळती शोधायला सांगा. नव्या एसींमध्ये बहुधा असणारा आर-३२ हा वायू थोडासा ज्वलनशील आहे, त्यामुळे ते काम परवानाधारक माणसाचेच.

प्लगला हात लावून पाहा

दोन किलोवॅट म्हणजे ८-९ अँपिअरचा प्रवाह, तोही तासन्‌तास. जुना एसी सुरू होताना तर क्षणभर त्याच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. म्हणून एसीला स्वतंत्र सर्किट हवे. एक्स्टेन्शन बोर्डवर एसी कधीही लावू नये. त्याच बोर्डवर इस्त्री किंवा किटली तर मुळीच नाही.

अर्धा तास एसी चालल्यावर तो बंद करा आणि प्लगला उलट्या हाताने स्पर्श करून पाहा. चटका बसण्याइतका तापला असेल, भोकांभोवती तपकिरी डाग असतील किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येत असेल, तर तो एसी वापरू नका आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. एमसीबी वारंवार पडत असेल तर मोठा एमसीबी बसवणे हा उपाय नव्हे. तो पडतोय म्हणजे काहीतरी सांगतोय.

ठिणगी किंवा धूर दिसला तर मेन बोर्डावरून वीज बंद करा, पाणी मारू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९९७ ला फोन करा.

आणखी तीन गोष्टी आपल्या घरांसाठी:

- गणपतीत मखराजवळ समई असते. एसीच्या झोताने ज्योत थर्माकोलकडे किंवा पडद्याकडे झुकते. झोताची दिशा बदला आणि समई तेवत असताना खोलीत कुणीतरी असू द्या.
- स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यावरचा धूप नको. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही येत नाही.
- बाल्कनीत एसीचा बाहेरचा भाग असेल तर लहान मुलांना ती आयती पायरी मिळते. बाल्कनीला कुलूप हवेच.

आई-बाबा आल्यावर

वय वाढले की तहान कमी लागते आणि घामही कमी येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शरीरातले पाणी आणखी घटते. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना ‘आखातात उन्हाळ्यात जातोय’ असे मुद्दाम सांगायला लावा.

‘पंखा आहे ना’ हे उत्तर पुरेसे नाही. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा गरम हवाच अंगावर मारतो आणि शरीर थंड होण्याऐवजी तापते. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या, अंग खूप तापले तर तो उष्माघात समजा. ९९८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत गार खोलीत न्या, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

आमच्या फ्रीजवर आता बिल नसते, ही चिठ्ठी असते. मोठ्या अक्षरांत:

१. एसी २४ वर. दुपारी बंद करायचा नाही.
२. खिडकी सकाळी सातपर्यंतच उघडी.
३. दर तासाला पाणी, ताक किंवा सरबत. डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितले असेल तर तेवढेच.
४. जळका वास आला तर स्विच बंद आणि आम्हाला फोन.
५. तब्येत बिघडली तर ९९८, आग असेल तर ९९७.

२०२४ च्या डिसेंबरात आई-बाबा परत आले होते. हिवाळा असल्याने एसीची गरज नव्हती, तरी बाबांनी चिठ्ठी वाचली आणि हसून म्हणाले, “पाच तासांचे अडीच-तीन दिरहम, हे आधी सांगितलं असतंत तर बंदच केला नसता.”

खरे आहे. हिशेब त्यांना येतो, आम्हीच तो सांगितला नव्हता. तेव्हा मंडळी, या उन्हाळ्यात पाहुणे आले की पहिल्याच दिवशी चहा झाल्यावर रिमोट त्यांच्या हातात द्या आणि हा हिशेब सांगा. बिलाची चर्चा मात्र ते झोपल्यावर करा!

तुमचेही अनुभव जरूर कळवा.