मृगाच्या किड्याचे भाऊबंद

पावसाळा सरला की आमच्या गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पातेरा गोळा करायला रानात जायचं की नाही? तिथले किडे चावून ताप येतो म्हणतात." या प्रश्नाचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असं देता येत नाही. रानात कोणता जीव कुठे राहतो हे कळलं, तर कुठे बिनधास्त जायचं आणि कुठे जपायचं हे आपलं आपल्याला ठरवता येतं. म्हणून आज आपण या बारीक जिवांची ओळख करून घेऊ.

मृगाचा किडा आपण सगळ्यांनी पाहिलाय. पहिल्या पावसानंतर मातीतून वर येणारा, मखमलीसारखा लालभडक. त्याचे पाय मोजले तर आठ भरतात. किड्याला पाय सहा असतात, म्हणजे हा खरा किडाच नव्हे. तो कोळ्यांच्या आणि विंचवांच्या मोठ्या कुळातला आहे. भेंडीवर, वांग्यावर पडणारा लाल कोळी त्याच्याच भाऊबंदांपैकी. गुरांच्या अंगावरची गोचीडही त्यातलीच, आणि खरूज करणारा, डोळ्यांना न दिसणारा जीवही त्यातलाच. या सगळ्यांना मिळून माइट म्हणतात. जाळं विणणाऱ्या कोळ्याशी गोंधळ नको, म्हणून आज आपण माइट हाच शब्द वापरू. बहुतेक माइट एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. अंड्यातून पिल्लू निघतं तेव्हा बहुतेकांना सहाच पाय असतात, पुढे आठ होतात. ही पिल्लाची गोष्ट ध्यानात ठेवा, ती पुढे कामाला येणार आहे.

जगात माइटच्या सुमारे 55 हजार जातींची नोंद झाली आहे. अजून नाव न मिळालेल्या जाती याहून कितीतरी जास्त असाव्यात, असं अभ्यासक मानतात. त्यातल्या पुष्कळ उष्ण प्रदेशातल्या जंगलांत आहेत. आपल्या सह्याद्रीसारख्या रानात झाडांच्या, पक्ष्यांच्या, भुंग्यांच्या जाती भरपूर असतात. प्रत्येकाच्या पानावर, सालीत, पिसांत वेगळे माइट सापडतात. घरं जितक्या प्रकारची, तितक्या प्रकारचे भाडेकरू.

रानाला आपण तीन मजल्यांचं घर समजू. तळमजला म्हणजे पाचोळा आणि माती. इथे कडक कवचाचे, भुंग्यासारखे दिसणारे बारीक माइट राहतात. कुजलेली पानं आणि बुरशी हे त्यांचं खाणं. पान कुरतडून ते त्याचा भुगा करतात आणि पुढचं काम बुरशी, जिवाणू आणि गांडुळं करतात. रानातली काळी भुसभुशीत माती अशी तयार होते. चौरस मीटरभर जागेत ते हजारोंनी असतात. ओल असली की वरच्या थरात येतात, ऊन तापलं की खाली जातात. त्यांची वाढ सावकाश होते, म्हणून जागा जळली किंवा पाचोळा पार खरवडून नेला, तर त्यांना पुन्हा वसायला फार वेळ लागतो. देवराईतला पाचोळा कुणी उचलत नाही. तिथली माती हातात घेऊन पाहा, फरक कळेल.

दुसरा मजला झाडाचा. कॉफीचं पान उलटं करून पाहिलं, तर शिरा जिथे फुटतात तिथे बारीक खळगे दिसतात. बऱ्याच जंगली झाडांना असे खळगे किंवा केसांचे झुपके असतात. त्यांत बुरशी खाणारे आणि दुसऱ्या त्रासदायक माइटना खाणारे माइट राहतात. झाड त्यांना खोली देतं आणि ते झाडाचं पान साफ ठेवतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या वर्षावनात अभ्यासकांनी शेंड्यावरचे आणि जमिनीवरचे माइट तपासले, तेव्हा ते बहुतांशी वेगवेगळ्या जातींचे निघाले. म्हणजे झाड तोडलं की वरचे माइट खाली उतरून संसार थाटतील असं होत नाही.

तिसरा मजला चालता-फिरता, म्हणजे प्राण्यांच्या अंगावरचा. अमेरिकेच्या उष्ण जंगलांत फुलातला मध पिणारे इवलेसे गुंजन पक्षी असतात. काही माइट त्या पक्ष्याच्या नाकपुडीत बसून एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातात. आपल्याकडे मधमाश्यांवर, उंदरांवर, गुरांवर, माकडांवर त्यांचे माइट असतातच. हे सगळे काही माणसाला त्रास देत नाहीत. पण दोघांना ओळखून राहायला हवं.

पहिला, मृगाच्या किड्याच्या नात्यातला एक अगदी बारीक माइट. मृगाचा किडा आपल्याला काही करत नाही. या माइटचं मोठेपणीही आपल्याशी देणंघेणं नसतं. चावतं ते त्याचं सहा पायांचं पिल्लू. ते गवताच्या पात्यावर चढून उंदराची किंवा माणसाची वाट पाहत बसतं. त्याच्यात स्क्रब टायफसचे जंतू असतील तर ताप येतो. हे जंतू आईकडून अंड्यांतून पिल्लांत उतरतात, म्हणून ठरावीक जागी धोका वर्षानुवर्षं टिकतो. अशा जागा बहुधा रानाच्या गाभ्यात नसतात. तोडलेल्या रानात उगवलेलं गवत, पडीक शेत, बांध, झुडपं, म्हणजे जिथे उंदीर फार तिथे त्या असतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर हा ताप जास्त दिसतो.

दुसरी गोचीड. 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि माणसंही तापानं आजारी पडली. त्यातून हा आजार ओळखला गेला. आपण त्याला माकडताप म्हणतो. 2015 साली तो गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि 2016 साली सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात आढळला. जंगल, काजूची बाग आणि वस्ती जिथे एकमेकांत मिसळली आहे, तिथे जपायला हवं. या गोचिडाची पिल्लं पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंत जास्त फिरतात. नेमके तेच दिवस आपले पातेऱ्याचे, लाकडांचे आणि काजूचे.

मग करायचं काय? रानात जाताना अंगभर कपडे घाला. गवतावर थेट बसू नका, आडवं होऊ नका. गोचीड दूर ठेवणारं तेल आरोग्य केंद्रात मिळतं का, विचारा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, साबणानं अंघोळ करा आणि अंग तपासा. गोचीड चिकटली असेल तर चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा. चिरडू नका, रॉकेल लावू नका, चटका देऊ नका. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा आणि त्या भागातला पातेरा गोठ्यात आणू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्क्रब टायफसमध्ये पुष्कळदा चाव्याच्या जागी विडीच्या चटक्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही. काखेत, जांघेत, कमरेला, स्तनांखाली असते. आपण बायका तिथलं कुणाला दाखवत नाही, डॉक्टरही विचारत नाहीत आणि ताप साधा समजून दिवस जातात. वेळेत कळलं तर हा आजार नेहमीच्या, स्वस्त गोळ्यांनी बरा होतो. गरोदर बाईसाठीही औषध आहे. उशीर झाला तर जिवावर बेततं. म्हणून तीन-चार दिवस ताप, डोकेदुखी, अंगदुखी असेल तर दवाखान्यात स्वतःहून सांगा, "मी रानात, गवतात गेले होते, आणि अंगावर अशी खपली आहे." खपली नसली तरी रानाचं सांगाच. लाजायचं कारण नाही. माकडतापावर असं नेमकं औषध नाही, पण लवकर भरती झालं तर डॉक्टरांना जीव सांभाळता येतो.

तेव्हा रानाला घाबरून घरी बसू नका, आणि सगळे किडे मेले पाहिजेत म्हणून पाचोळा पेटवूनही देऊ नका. तळमजल्यावरचे ते हजारो माइट आपल्या मातीचे कामकरी आहेत. पातेरा आणा, पण झाडाखाली थोडा राहू द्या. गटाच्या पुढच्या बैठकीत गावाचा एक कागदी नकाशा काढा. त्यावर पडीक जागा, उंदरांची बिळं आणि माकडं मेलेली ठिकाणं मांडा, आणि तो आशाताईंना दाखवा.