मत्स्यपेटीची गाळणी

पाणी स्वच्छ दिसणें व तें शुद्ध असणें ह्या दोन भिन्न गोष्टी होत. पिण्याच्या पाण्यासंबंधीं हा भेद आपणांस लहानपणापासून शिकविला जातो. परंतु काचेच्या पेटींत मासे पाळणारे पुष्कळ लोक तो विसरतात. पाणी आरशासारखें नितळ असतां मासे एकाएकीं वर येऊन तोंडें उघडूं लागतात, आणि दोन दिवसांत मरतात. "गाळणी तर चालू होती!" असें मग लोक म्हणतात. गाळणीचें मुख्य कार्य कोणतें हें न समजल्यामुळेंच बहुधा असें घडतें. सबब मालवण किनाऱ्यावर मोठी मत्स्यपेटी ठेवूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं हा विषय येथें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मासा आपल्या कल्ल्यांवाटे पाण्यांत अमोनिया सोडतो; न खाल्लेलें अन्न कुजूनही तोच उत्पन्न होतो. हा पदार्थ पाण्यांत विरघळलेला असल्यामुळें कापडानें किंवा वाळूनें गाळला जात नाहीं, डोळ्यांना दिसतही नाहीं. परंतु अल्प प्रमाणांतही तो माशांस विष होतो. नदींत किंवा तळ्यांत तो विपुल पाण्यांत पसरतो व त्याचें रूपांतर होतें. पेटींत मात्र तो सांचत राहतो. १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की नामक रशियन शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, कांहीं सूक्ष्म जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात व दुसरे जंतु त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य असून पाणवनस्पति तें शोषून घेतात, व उरलेलें पाणी बदलल्यानें निघून जातें. तात्पर्य, गाळणी ही केवळ कचरा धरणारी चाळण नसून ह्या उपकारी जंतूंचें वसतिस्थान होय. त्यांस तीन गोष्टी लागतात : चिकटून राहण्यास विस्तृत पृष्ठभाग, अखंड वाहतें पाणी आणि भरपूर प्राणवायु.

आतां निवड कशी करावी तें पाहूं. हवेच्या नळीवर चालणारी स्पंजाची गाळणी लहान पेटीस उत्तम. मोठ्या पेटीस ती अपुरी पडते. वाळूखालून पाणी ओढणारी गाळणी स्वस्त खरी, परंतु कालांतरानें वाळू गाळानें भरते व ती साफ करण्यास सारी पेटी ढवळावी लागते. बंद डब्याची गाळणी दिसण्यांत नीटनेटकी असते. पण आपल्या किनाऱ्यावर तिचा एक मोठा दोष आहे. पावसाळ्यांत वादळानें वीज तासन् तास जाते. पाणी थांबलें कीं बंद डब्यांतील जंतु तेथील प्राणवायु कांहीं तासांतच संपवितात व गुदमरून मरूं लागतात. नंतर वीज आली कीं तेंच दूषित पाणी पेटींत परत जातें. म्हणून येथें उघडी, ठिबकती गाळणीच श्रेयस्कर असें आमचें मत आहे. तींत ओल्या तुकड्यांवरून पाणी झिरपत असल्यानें पंप थांबला तरी जंतूंस हवा मिळत राहते.

समजा, पेटी ६ फूट लांब, २ फूट रुंद व २ फूट खोल आहे. तींत २४ घनफूट, म्हणजे सुमारें ६८० लिटर पाणी मावेल. नुसत्या पाण्याचेंच वजन ६८० किलो होत असल्यामुळें बैठक भक्कम बांधावी. सर्व पाणी तासाला चार वेळां फिरावें असें धरल्यास सुमारें २,७०० लिटरांचा प्रवाह हवा. पाणी वर चढवितांना पंपाची शक्ति घटते, म्हणून पंप कांहींसा मोठाच घ्यावा. पेटीच्या वरच्या कडेजवळून पाणी नळीवाटे खालीं पिंपांत उतरवावें. प्रथम जाड स्पंजाचा थर असावा, म्हणजे गाळ तेथेंच अडकेल. त्याखालीं भोंकें पाडलेल्या तबकांत चांगल्या भाजलेल्या कौलांचे धुतलेले तुकडे पसरावे. ते सच्छिद्र असल्यानें जंतूंस उत्तम आश्रय मिळतो. कच्चा जांभा मात्र वापरूं नये, कारण तो माती सोडण्याचा संभव असतो. तळाशीं सांचलेलें पाणी पंपानें पेटींत परत न्यावें. पंप बंद पडल्यावर पेटींतून उतरणारें पाणी मावेल इतकी जागा पिंपांत मोकळी ठेवावी, आणि परतीच्या नळीस पाण्याच्या पातळीजवळ एक लहान भोंक ठेवावें. नाहींतर पाणी उलट ओढलें जाऊन जमिनीवर सांडेल. नळ्या व जोड प्लॅस्टिकचे असावे : खाऱ्या हवेंत लोखंड गंजतें, आणि तांबें माशांस घातक असतें.

आमच्या जांभ्या भूमीच्या विहिरींचें पाणी बहुधा मृदु असतें. किनाऱ्यालगतच्या मचूळ विहिरींची गोष्ट निराळी. वरील जंतु कार्य करतांना आम्ल उत्पन्न होतें, व मृदु पाण्यांत तें मारण्यापुरता चुन्याचा अंश नसल्यामुळें जंतूंचें कार्य मंदावतें. उपाय आपल्या दाराशींच आहे. तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपा उकळून, धुऊन, जाळीच्या पिशवींत घालून पिंपांत ठेवाव्या. त्या हळूहळू विरघळून आम्ल शमवितात. तसेंच पावसाळ्यांत विहिरींत जंतुनाशक भुकटी टाकतात. तें पाणी तसेंच ओतल्यास मासे व गाळणींतील जंतु दोन्ही मरतील. म्हणून तें उघड्या पिंपांत दोन दिवस, मधून मधून ढवळीत, ठेवून मगच वापरावें.

गाळणी बांधली म्हणजे ती तयार झाली असें नव्हे. जंतूंची वस्ती पुरी होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर दोनचारच मासे ठेवावे व अन्न चिमटीभर द्यावें. चालू पेटींतील थोडे तुकडे आणून टाकल्यास काम लवकर होतें. पुढें दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें. स्पंज धुवावा तो पेटींतून काढलेल्या पाण्यांतच. आणि कौलांचे सर्व तुकडे एकाच दिवशीं घासून लख्ख करणें म्हणजे सारी वस्ती उजाड करणें होय.

ओढ्यांतील माशास पाणी बिघडलें तर दुसरीकडे जातां येतें. पेटींतील माशास तो मार्ग आपण बंद केलेला असतो. ईश्वराचे हे मुके जीव ज्यानें काचेंत कोंडले, त्यानें त्यांच्या पाण्याची जबाबदारीही पतकरली. म्हणून विद्यार्थ्यांनीं आधीं गाळणी सिद्ध करावी, जंतूंची वस्ती होऊं द्यावी, आणि मगच मासे वाढवावे, इतकेंच आमचें सांगणें आहे.