मोठ्या संघातले छोटे संघ : फलटण, भोर आणि दक्षिणी संस्थानांचा संघ

मित्रहो, मागच्या खेपेला आपण 'सार्वभौमत्व' या शब्दाचा कीस काढला. शेवटी एका श्रोत्याने विचारलं होतं, की एका मोठ्या राजकीय संघात राहून चार शेजाऱ्यांनी आपली वेगळी मोट बांधली, तर ती फूट समजायची की सोय? आज त्यावर बोलू. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे अवयव आणि अवयवी यांच्या संबंधाकडे आमचं मन आपोआप धावतं. पण फलटणला बसून तिकडे जायची गरज नाही. उदाहरण अंगणातच आहे.

साताऱ्याचं राज्य 1848 साली खालसा झालं. त्याचे जहागीरदार मात्र राहिले. औंध, भोर, फलटण, जत, अक्कलकोट. दक्षिणेला पटवर्धनांची सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी. नकाशा पाहिला तर गोधडीच वाटेल. सांगलीचा मुलूख सलग नव्हताच. मंगळवेढं एकीकडे, तेरदाळ दुसरीकडे, शिरहट्टी तिसरीकडे. औंधची गावं बहात्तर, तीही विखुरलेली. काही तर पार विजापूर भागात.

आता गंमत पाहा. भाटघरचं धरण भोर संस्थानच्या हद्दीत. बांधलं मुंबई सरकारने, 1920 च्या दशकात पुरं झालं. त्याचं पाणी नीरेतून खाली येतं आणि उजव्या कालव्याने आपल्या फलटणच्या रानात पोचतं. म्हणजे भोर आणि फलटण यांचं नातं पाण्याचं होतं, पण त्या पाण्याची चावी दोघांच्याही हातात नव्हती. शेजारी असणं आणि एकत्र असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ते इथे डोळ्यांना दिसतं.

इंग्रज जाणार हे दिसू लागल्यावर, 1946 मध्ये, यातल्या काही राजांनी एकत्र येऊन संघ करायचं ठरवलं. त्याच वर्षी ते पुण्यात गांधीजींनाही भेटले. फलटण, भोर, औंध, सांगली, मिरज, कुरुंदवाड, रामदुर्ग ही नावं त्यात होती. कोल्हापूर बाहेर राहिलं, आणि कोल्हापूर सोडलं तर भूगोलाचा कणाच गेला. फलटणहून रामदुर्गला जायचं म्हणजे वाटेत किती परकी हद्द! असा मुलूख एका कारभाराखाली चालवणं सोपं नव्हतं.

पण आमच्या मते खरी अडचण भूगोलाची नव्हती. हा संघ करत होतं कोण? राजे. आणि कशासाठी? एकेकट्याने टिकणार नाही, तेव्हा मिळून टिकू, एवढ्यासाठी. यात सगळ्यांना एका मापाने मोजू नये. औंधने 1939 सालीच गावपंचायतींवर उभी असलेली घटना लागू करून राजाने सत्ता प्रजेकडे दिली होती. तिथल्या माणसाला 'संघ' म्हटलं की आपल्या पंचायतीचं काय, असा प्रश्न पडला असणार, आणि तो रास्तच होता. इतरत्र प्रजा परिषदेचे कार्यकर्ते विचारत होते, की मुंबई प्रांतात निवडून दिलेलं सरकार असताना आम्ही निराळ्या दारात का उभं राहायचं? जमखंडीने विलीनीकरणाची वाट धरली, आणि 8 मार्च 1948 ला फलटणसह ही संस्थानं मुंबई प्रांतात गेली. कोल्हापूर पुढच्या वर्षी, 1 मार्च 1949 ला.

आता युरोपकडे एक नजर टाकू. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी 1944 साली लंडनमध्ये, परागंदा असताना, जकात एकत्र करण्याचा करार केला. तो अमलात आला 1 जानेवारी 1948 ला. आपला संघ ज्या वर्षी संपला त्याच वर्षी बेनेलक्स सुरू झाला! पुढे 1957 च्या रोम कराराने युरोपची मोठी आर्थिक मंडळी उभी केली, तेव्हा तिने बेनेलक्सला मोडलं नाही. कराराच्या 233 व्या कलमात लिहूनच ठेवलं, की मोठ्या संघाने जे साधत नाही तेवढ्यापुरती ही छोटी मंडळी चालू राहील. आज हे कलम 350 व्या क्रमांकाने आहे.

फरक लक्षात आला ना? बेनेलक्सला काम होतं. सीमेवर माल अडू नये, हे रोजचं, मोजता येणारं काम. शिवाय ते मोठ्या संघाच्या पुढे चार पावलं होते, विरोधात नव्हते. दक्षिणी संघाकडे असं काम फारसं नव्हतं. नीरेच्या पाण्याचं एक समाईक मंडळ त्यांनी आधी उभारलं असतं, तर? इतिहासात 'असतं तर' म्हणू नये, पण तत्त्वज्ञानवाल्याला तेवढी मुभा द्या.

काहींना वाटेल, विलीनीकरणाने सगळं सरळ झालं. तसंही नाही. भोर पुणे जिल्ह्यात गेलं, फलटण आणि औंध साताऱ्यात, मंगळवेढं सोलापुरात. रामदुर्ग, जमखंडी, शिरहट्टी 1956 मध्ये म्हैसूर राज्यात गेली. एका संघात नांदू पाहणारी गावं आज दोन राज्यांत आहेत, आणि कृष्णेचं पाणी त्या दोन राज्यांत लवादापुढे मोजलं जातं. त्या लवादाच्या निवाड्याबद्दल पुढच्या गुरुवारी बोलू. येताना नकाशा मात्र घेऊन या.