चित्रफीत हलकी व्हावी, अक्षर पुसट नको

रायपूर : कोरोनाच्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्यानंतर छत्तीसगड सरकारने ७ एप्रिल २०२० रोजी ‘पढई तुंहर दुआर’, म्हणजे ‘शिक्षण तुमच्या दारी’, हा ऑनलाईन उपक्रम सुरू केला. मात्र मोबाईलचे जाळे विरळ असलेल्या गावांत चित्रफितीचा पाठ पोहोचवायचा, तर आधी त्याचा भार घटवावा लागतो. हे काम कॉम्प्रेशन, अर्थात संपीडनाचे तंत्र करते.

१२८० बाय ७२० बिंदूंचे एक रंगीत चित्र मुळात सुमारे २.७६ मेगाबाईटचे असते. सेकंदाला अशी २५ चित्रे धरल्यास एका मिनिटाची चित्रफीत चार गिगाबाईटच्या पुढे जाते. संपीडनात हा भार दोन प्रकारे कमी होतो. लागोपाठच्या चित्रांत जे बदललेले नाही, ते पुन्हा पाठवले जात नाही. फळा स्थिर असतो, हलतो तो शिक्षकाचा हात. शिवाय प्रत्येक चित्रातील, डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे गाळले जातात. यामागील ‘डिस्क्रीट कोसाईन ट्रान्सफॉर्म’ ही गणिती पद्धत बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. छायाचित्रांसाठीचे १९९२ चे जेपेग आणि चित्रफितींसाठीचे २००३ चे एच.२६४ ही मानके याच पायावर उभी आहेत. सेकंदाला ३०० किलोबिट या दराने अर्ध्या तासाचा पाठ सुमारे ६८ मेगाबाईटमध्ये मावतो.

अध्यापनात धोका आहे तो नेमका येथेच. गाळल्या जाणाऱ्या बारकाव्यांत तीक्ष्ण कडा असतात आणि अक्षरे कडांनीच घडतात. निसर्गचित्रातील पानाची कड पुसट झाली तरी बिघडत नाही. परंतु दशांशचिन्ह पुसले गेल्यास २.५ चे २५ होतात, अनुस्वार गेल्यास शब्दच बदलतो.

म्हणूनच फळ्यावरील पाठाची स्पष्टता घटवण्याऐवजी सेकंदाला दाखवायच्या चित्रांची संख्या कमी करणे हितावह ठरते. मजकूर व आकृत्यांसाठी काहीही न गाळणारे पीएनजी, तर छायाचित्रांसाठी जेपेग योग्य. पाठ पाठवण्यापूर्वी तो लहान पडद्याच्या मोबाईलवर वाचता येतो का, हे पाहणेही आवश्यक आहे.

इंटरनेट नसलेल्या भागांसाठी छत्तीसगडने त्याच वर्षी ‘बुलटू के बोल’द्वारे ब्लूटूथवरून ध्वनिपाठ देण्याचा मार्ग स्वीकारला. ३२ किलोबिट दराने अर्ध्या तासाचा ध्वनिपाठ जेमतेम सात मेगाबाईटचा होतो. कविता वा गोष्ट आवाजावर भागते. भूमितीला मात्र आकृती लागतेच. काय गाळायचे, याचा निर्णय त्यामुळे यंत्राइतकाच शिक्षकाचाही आहे.