कागदी पिशवीतील लाह्या

मक्याच्या लाह्या आपल्याला नव्या नाहीत. भडभुंज्याच्या कढईतील तापलेल्या वाळूत दाणे पडले, की पाहता पाहता त्यांची फुले होतात. अमेरिकेत मात्र याच लाह्यांचे निराळे रूप पाहावयास मिळते. तेथे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या लहान दुकानांत घडी घातलेली एक चपटी कागदी पिशवी विकत मिळते. ती मायक्रोवेव्ह भट्टीत ठेवून कळ दाबली, की दोन-तीन मिनिटांत उशीसारखी फुगते. ना वाळू, ना जाळ! मग दाणा फुटतो कशाने?

याचे उत्तर दाण्यातच आहे. लाहीच्या मक्यात सुमारे १४ टक्के पाणी असते आणि त्याभोवती कठीण, घट्ट साल. भट्टीतील विद्युत्‌चुंबकीय लहरींची सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तने होतात. त्यांच्याबरोबर फिरू पाहणारे पाण्याचे रेणू शेजारच्या रेणूंवर आदळतात आणि त्यातून उष्णता उपजते. शिवाय पिशवीच्या तळाशी ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ लेप दिलेला एक तुकडा असतो. लहरींनी तो चांगलाच तापतो आणि दाण्यांना व तेलाला खालून आच देतो. म्हणजे भडभुंज्याच्या वाळूचेच काम तो करतो म्हणा ना! तापमान १८० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, की कोंडलेल्या वाफेचा दाब सालीला सोसवत नाही. साल फाटते, आणि आतील मऊ झालेला पिठूळ भाग फुलून बाहेर येतो. ज्या दाण्याच्या सालीला आधीच चीर गेलेली असते, त्याची वाफ निसटते, आणि तो पिशवीच्या तळाशी तसाच गणंग राहतो.

आपण श्रोते आहोत, म्हणून आवाजाविषयीही दोन शब्द. तो 'फट्' आवाज साल फाटण्याचा असेल, असे कोणालाही वाटेल. परंतु २०१५ साली फ्रान्समधील दोन संशोधकांनी दाखवून दिले, की तो एकाएकी सुटलेल्या वाफेचा आवाज आहे. हा आवाज ऐकणे उपयोगाचेही आहे. दोन आवाजांमध्ये दोनएक सेकंदांचे अंतर पडू लागले, की भट्टी बंद करावी. घड्याळावर विसंबल्यास लाह्या करपतात.

या भट्टीचा जनक पर्सी स्पेन्सर. शाळा अर्धवट सुटलेला हा माणूस रडार यंत्रांच्या कारखान्यात थोर तंत्रज्ञ झाला. खिशातले चॉकलेट लहरींनी वितळल्यावर त्याने मक्याचे दाणे आणवून यंत्रासमोर धरले, असे सांगतात. १९४५ साली त्याने या पाकक्रियेच्या पेटंटसाठी अर्ज केला.

इतक्या निरुपद्रवी खाऊने माणसांचे श्वास हिरावले, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. २००० साली मिसूरी राज्यातील अशाच लाह्यांच्या एका कारखान्यात पूर्वी काम केलेल्या आठ जणांना फुप्फुसांचा एक दुर्मिळ, बरा न होणारा रोग जडल्याचे उघड झाले. सरकारी तपासणीत बोट गेले ते लोण्याच्या कृत्रिम स्वादाकडे. त्यातील डायॲसिटिल हे द्रव्य खाण्यात अल्प प्रमाणात असते आणि लोण्यातही ते निसर्गतःच आढळते. परंतु तापलेल्या पिंपांवर वाकून त्याची वाफ दिवसेंदिवस हुंगणे ही निराळी गोष्ट. पदार्थ खाण्यास सुरक्षित आहे, एवढ्यावरून तो तयार करणाराही सुरक्षित आहे, असे मानले गेले, आणि त्याची किंमत कामगारांनी मोजली. २००७ साली अमेरिकेतील मोठ्या उत्पादकांनी हे द्रव्य वगळण्याचे जाहीर केले.

आता या लाह्यांची चव. त्या खुसखुशीत असतात, खारट असतात, आणि गार होताच चिवट होऊ लागतात. तेव्हा त्या गरमच खाव्यात. मात्र पिशवी फोडताना तिचे तोंड आपल्या चेहऱ्यापासून दूर धरावे, कारण आत कोंडलेली वाफ हात-तोंड भाजण्याइतकी कढत असते.