रक्तवाहिनीच्या काठाला लागलेली पेशी

कर्करोगाच्या बहुसंख्य बळींना मूळ गाठीपेक्षा तिच्यापासून यकृतात, फुप्फुसात, हाडांत उगवलेल्या गाठीच नेतात. हा फैलाव होतो कसा, हा प्रश्न जुना आहे. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८८९ साली स्तनांच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी तपासल्या. यकृतात गाठी भरपूर, प्लीहेत मात्र क्वचित. बी कुठेही पडो, उगवते मानवेल त्याच जमिनीत, असा निष्कर्ष त्याने काढला. १९२८ मध्ये अमेरिकेच्या जेम्स युइंगने तो खोडला: रक्त नेईल तिथे पेशी अडकते, एवढेच! आतड्याचे रक्त थेट यकृतात जाते आणि आतड्याचा कर्करोगही बहुधा तिथेच पसरतो. म्हणजे युइंगचेही खरेच होते.

पण नुसते अडकून भागत नाही. आयझाया फिडलरने १९७० मध्ये किरणोत्सारी खूण केलेल्या कर्कपेशी उंदरांच्या शिरेत सोडल्या. चोवीस तासांनी शंभरात जेमतेम एक जिवंत होती. बाकीच्या संपल्या.

उरणारी पेशी तग धरते ती उसन्या युक्तीवर. जखम किंवा जंतुसंसर्ग झाला, की तिथल्या रक्तवाहिनीचे अस्तर काही तासांत ‘ई-सिलेक्टिन’ नावाचे प्रथिन पृष्ठभागावर आणते. पांढऱ्या पेशींच्या अंगावरची एक विशिष्ट शर्करा त्यात गुंतते. पकड सैल असते. पुरात वाहणारा माणूस काठचे एकेक झुडूप धरत, सोडत जावा, तशी पेशी भिंतीलगत गडगडत मंदावते. मग ‘इंटिग्रिन’ ही प्रथिने तिला घट्ट धरतात आणि ती अस्तराच्या फटीतून बाहेर शिरते. शरीराने ही सोय केली आपल्या रक्षकांसाठी. अनेक कर्कपेशी तसल्याच शर्करा अंगावर मिरवत त्याच वाटेने जातात. स्वादुपिंडाच्या कर्करोगात डॉक्टर ‘सीए १९-९’ ही रक्ततपासणी लिहून देतात, ती याच कुळातल्या शर्करेची. अस्थिमज्जेतल्या वाहिन्यांवर तर ई-सिलेक्टिन कायमच असते. हाडांत शिरकाव सोपा का, याचे एक कारण हे.

रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सही नकळत हातभार लावतात. त्या कर्कपेशीभोवती जमतात, तिला मारू पाहणाऱ्या पेशींपासून लपवतात, भिंतीशी जोडतात. रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोग यांचे नाते पॅरिसच्या आर्मां त्रूसोने १८६५ मध्येच सांगितले होते. दोन वर्षांनी स्वतःच्या शरीरातली गुठळी पाहून त्याने आपल्या पोटातला कर्करोग ओळखला. निदान बरोबर ठरले.

मग कर्कपेशीची अस्तरावरची ही पकडच सोडवली तर? जपानमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ६४ रुग्णांवरचा एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपीसोबत सिमेटिडिन, म्हणजे आम्लपित्तावरची जुनी गोळी, घेतलेल्यांपैकी ८४.६ टक्के दहा वर्षांनी हयात होते. न घेतलेल्यांपैकी ४९.८ टक्के. ज्यांच्या गाठीत त्या शर्करा भरपूर, त्यांना लाभ अधिक. हे औषध अस्तरावरचे ई-सिलेक्टिन कमी करते, असे त्या संशोधकांचे म्हणणे. आकडे भुरळ घालणारे आहेत खरे, पण ६४ रुग्णांवरून उपचारपद्धती ठरत नाही. प्लेटलेट्सना आवरणाऱ्या ॲस्पिरिनची ‘ॲड-ॲस्पिरिन’ ही चाचणी म्हणूनच हजारो रुग्णांवर आखली गेली. भारतातून मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय तीत सहभागी झाले.

एवढे मात्र लक्षात ठेवा: घरातल्या रुग्णाला यातली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका. ॲस्पिरिनने रक्तस्राव होऊ शकतो आणि सिमेटिडिन इतर औषधांच्या परिणामात ढवळाढवळ करते. आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.