साठवण-संचातील दुहेरी बॅटरी : वऱ्हाडातील उष्ण हवामानाच्या संदर्भात

एखादी नोंद 'लिहिली' असे संगणकाच्या साठवण-संचाने कळविले, म्हणजे ती नोंद डिस्कवर पोहोचली, असा सर्वसाधारण समज आहे. पुष्कळदा तो खरा नसतो. मोठ्या साठवण-संचात, म्हणजे ज्यास व्यवहारात 'स्टोरेज अ‍ॅरे' म्हणतात त्यात, आलेली नोंद प्रथम शीघ्रस्मृतीत (कॅशमध्ये) ठेवली जाते. तेवढ्यावरच 'लेखन झाले' अशी पोच दिली जाते, आणि डिस्कवरील प्रत्यक्ष लेखन मागाहून, सवडीने होते. या मधल्या काळात वीज गेली, तर पोच दिलेली नोंद वाचविण्याचे दायित्व एका लहानशा बॅटरीवर येऊन पडते. ही बॅटरी काय करते, ती एक न ठेवता दोन का ठेवतात, आणि अमरावती-अकोल्यासारख्या प्रदेशात दोनही अपुऱ्या का पडू शकतात, यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्नाचे मूळ

हा प्रश्न संगणकाच्या जन्मापासूनचा नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाची स्मृती चुंबकीय कड्यांची होती. कड्याचे चुंबकन वीज गेल्यावरही टिकून राहते. त्यामुळे स्मृतीतील मजकूर राखण्यासाठी बॅटरीची गरज नव्हती. १९७० नंतर अर्धवाहक स्मृतीने चुंबकीय कड्यांची जागा घेतली. ती स्वस्त व वेगवान होती, परंतु तिच्यातील प्रत्येक बिट हा सूक्ष्म धारित्रावरील विद्युत्-प्रभाराच्या रूपाने असतो. हा प्रभार गळत राहतो, म्हणून तो सामान्यतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. वीज खंडित झाली की हे पुनर्भरण थांबते आणि मजकूर नष्ट होतो. वेग मिळाला, त्याची किंमत म्हणून स्मृतीची चिरस्थायिता गेली.

नुकसान केवळ काही नोंदी गळण्याचे असते, तर ते कदाचित सोसता आले असते. परंतु शीघ्रस्मृतीतील नोंदी आल्या त्याच क्रमाने डिस्कवर जात नाहीत. डिस्कच्या सोयीनुसार त्यांचा क्रम बदलला जातो. त्यामुळे मध्येच वीज गेल्यास मागाहूनची नोंद डिस्कवर आणि आधीची नाहीशी, अशी स्थिती उद्भवते. एका खात्यातून रक्कम वजा झाली, पण दुसऱ्यात जमा झाली नाही. गुणपत्रिकेत बेरीज बदलली, पण विषयाचे गुण जुनेच राहिले. ज्या यंत्राने ही नोंद पाठविली, त्याला पोच मिळालेली असल्याने ते ती पुन्हा पाठवीत नाही. म्हणजे हानी झाली याचीच वार्ता कोणास लागत नाही. वीज परत आल्यावर सारे यंत्र सुरळीत चालू होते आणि चूक आत तशीच राहते.

रक्षणाच्या दोन रीती

वीज गेल्यावर शीघ्रस्मृतीचे रक्षण दोन प्रकारे करतात. पहिल्या रीतीत बॅटरी केवळ स्मृतीस वीज पुरविते. लागणारी शक्ती अल्प असते, पण ती दीर्घकाळ, कित्येकदा दोन-तीन दिवस, पुरवावी लागते. दुसऱ्या रीतीत बॅटरी नियंत्रक आणि काही राखीव डिस्क यांना थोडा वेळ चालू ठेवते. तेवढ्या वेळात शीघ्रस्मृतीतील सर्व मजकूर त्या राखीव जागेत उतरविला जातो आणि संच आपणहून बंद होतो. मजकूर एकदा चिरस्थायी माध्यमावर गेला की वीज किती दिवसांनी येते याला महत्त्व उरत नाही. म्हणून मोठ्या संचांत दुसरी रीत अधिक रूढ झाली.

दुसऱ्या रीतीत किती ऊर्जा लागते याचा अंदाज साध्या गणिताने येतो. शीघ्रस्मृती ६४ गिगाबाइट, उतरविण्याचा वेग सेकंदास ४०० मेगाबाइट आणि लागणारी शक्ती ६०० वॉट असे उदाहरणादाखल धरू. मजकूर उतरविण्यास १६० सेकंद लागतील आणि त्यासाठी ९६,००० जूल, म्हणजे सुमारे २७ वॉट-तास ऊर्जा खर्च होईल. १२ व्होल्ट व ७ अँपिअर-तास अशी नोंद असलेल्या साध्या शिसे-आम्ल बॅटरीत कागदोपत्री ८४ वॉट-तास ऊर्जा असते. तेव्हा एवढी बॅटरी भरपूर झाली असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु बॅटरीवरील ही संख्या सहसा वीस तासांच्या मंद विसर्जनाची असते. तीच बॅटरी काही मिनिटांत रिकामी करू लागल्यास तिच्यातून मिळणारी ऊर्जा पुष्कळच कमी भरते. पॉइकर्ट याने १८९७ साली मांडलेला नियम हाच आहे. अँपिअर-तास पाहून निवड करणे म्हणूनच फसवे ठरते. निवड मिनिटनिहाय शक्तीच्या कोष्टकावरून करावयाची असते.

दोन बॅटऱ्या कशासाठी

साठवण-संचात सामान्यतः दोन नियंत्रक असतात आणि प्रत्येक नोंदीची प्रतिमा दोघांच्याही शीघ्रस्मृतीत ठेवली जाते. प्रत्येक नियंत्रकाला स्वतंत्र बॅटरी आणि स्वतंत्र विद्युत्-वाहिनी देतात. यांपैकी एक बॅटरी सदोष असल्याचे कळले, तर अनेक संच स्वतःची रीत बदलतात : नोंद डिस्कवर गेल्याखेरीज पोच द्यावयाची नाही, असे 'थेट लेखन' ते सुरू करतात. काम मंदावते, परंतु दिलेले वचन मोडत नाही. संच एकाएकी संथ झाल्याची तक्रार आली असता प्रथम बॅटरीची स्थिती पाहावी, असे जे सांगतात त्याचे कारण हेच.

खरे भय न कळलेल्या दोषाचे आहे. एखादी बॅटरी ऐनवेळी निकामी ठरण्याची शक्यता ५० त १ आहे असे धरू. दोन बॅटऱ्यांचे दोष परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकदम निकामी होण्याची शक्यता २,५०० त १ एवढी कमी होते. दुहेरी तरतुदीचे सारे आकर्षण या गुणाकारात आहे. परंतु गुणाकार करण्याचा अधिकार स्वातंत्र्याच्या गृहीतकावर अवलंबून आहे. समजा, दहा दोषांपैकी एक दोष दोन्ही बॅटऱ्यांना समान असणाऱ्या कारणाने होतो. मग केवळ त्या कारणापोटीच दोन्ही निकामी होण्याची शक्यता ५०० त १ होते. उरलेल्या स्वतंत्र दोषांची भर घातल्यास ती सुमारे ४३० त १ येते. अपेक्षेच्या जवळजवळ सहापट! तिसरी बॅटरी जोडली तरी ५०० त १ ही मर्यादा ओलांडता येत नाही, कारण समान कारण तिलाही लागू पडते. संख्या वाढवून जे साधत नाही, ते भिन्नता वाढवूनच साधावे लागते.

समान कारण : वऱ्हाडचा उन्हाळा

वऱ्हाडात हे समान कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. अकोल्याचा पारा मे २०२० मध्ये ४७ अंश सेल्सिअसवर गेला होता. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात प्रशासनास फौजदारी संहितेच्या कलम १४४ चा आधार घ्यावा लागला. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य २० किंवा २५ अंशांवर मोजलेले असते. तापमान दर १० अंशांनी वाढले की आतील रासायनिक क्षरणाचा वेग स्थूलमानाने दुप्पट होतो, म्हणजेच आयुष्य निम्मे होते.

एखाद्या खोलीत वर्षातील आठ महिने सरासरी २५ अंश आणि चार महिने सरासरी ३५ अंश तापमान राहते असे समजू. उष्ण चार महिन्यांत बॅटरी आठ महिन्यांइतकी जीर्ण होईल. म्हणजे एका वर्षात तिचे वय सोळा महिन्यांनी वाढेल. पाच वर्षांचे नोंदलेले आयुष्य अशा खोलीत पावणेचार वर्षांवर येते. बदलण्याची तारीख मात्र कागदावर पाच वर्षांचीच राहिली, तर शेवटचे सव्वा वर्ष संच केवळ दैवाच्या भरवशावर चालतो. शिवाय दोन्ही बॅटऱ्या एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच कारखान्यातील एकाच घाण्यातील आणि एकाच खोलीत ठेवलेल्या असतील, तर त्या एकाच गतीने म्हाताऱ्या होतात. पहिली निकामी झाल्याचे कळते, तेव्हा दुसरीही त्याच उंबरठ्यावर उभी असते.

भारणाच्या व्होल्टतेचाही येथे संबंध येतो. सतत भारणावर असलेल्या घटास २५ अंशांवर सुमारे २.२७ व्होल्ट देतात. तापमान वाढेल तसे दर अंशामागे दर घटास सुमारे ३ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. ४५ अंशांवर सहा घटांच्या बॅटरीस १३.६२ ऐवजी १३.२६ व्होल्ट पुरेत. ही घट न केल्यास प्रवाह वाढतो, प्रवाहाने उष्णता वाढते आणि उष्णतेने पुन्हा प्रवाह वाढतो. हे चक्र हाताबाहेर गेल्यास बॅटरी फुगते.

वीज एकदाच जात नाही

अकोला जिल्ह्यात पारस येथे औष्णिक विद्युत् केंद्र आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथेही वीज निर्माण होते. परंतु केंद्र जवळ असल्याने पुरवठा अखंड राहतो असे नाही. वीज जाते ती बहुधा वितरण-वाहिनीच्या दोषाने. २००५ नंतरच्या काही वर्षांतील भारनियमन निदान वेळापत्रकाने येत असे. वळवाच्या पावसाचे तसे नाही. मे-जूनमधील वादळात वाहिनी तुटते, जोडली जाते, पुन्हा बंद पडते. तासाभरात वीज तीन-चारदा जाते-येते.

पहिल्या खंडाच्या वेळी बॅटरीने आपले काम चोख केले असे मानले, तरी ती त्यामुळे रिती झालेली असते, आणि पूर्ण भरण्यास कित्येक तास लागतात. वीज येताच संच पूर्ववत कामास लागला, तर दुसऱ्या खंडाच्या वेळी रक्षणास काहीच उरत नाही. यावर दोन उपाय आहेत. एक, बॅटरी लागोपाठ दोन खंडांस पुरेल एवढी घेणे; वरील उदाहरणात २७ ऐवजी ५४ वॉट-तास. दुसरा, पुरेसे भारण होईपर्यंत संचाने थेट लेखनच करीत राहणे. दुसऱ्या उपायात वीज आल्यानंतरही काही काळ काम मंद चालते. तो मंदपणा दोष समजून व्यवस्थापकाने ही सुरक्षा बंद केली, तर ज्या दिवशी तिची गरज सर्वांत अधिक, त्याच दिवशी ती गेलेली असते.

यूपीएस असताना ही बॅटरी का

संपूर्ण खोलीस यूपीएस आणि जनित्र असताना संचात वेगळी बॅटरी कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. यूपीएस आणि संच यांच्या दरम्यान तारा, खटके व माणसांचे हात असतात. चुकून दाबलेल्या खटक्यावर यूपीएसचा इलाज चालत नाही. यूपीएस काम चालू ठेवण्यासाठी आहे. संचातील बॅटरी दिलेली पोच खरी करण्यासाठी आहे. एकीचे काम दुसरीवर सोपविणे युक्त नाही. दोन वाहिन्यांची गोष्टही अशीच. संचाच्या दोन्ही वाहिन्या अखेर एकाच यूपीएसला जोडल्या असतील, तर ती दुहेरी तरतूद केवळ दिसण्यापुरती राहते.

निष्कर्ष

या विवेचनावरून व्यवहाराचे काही नियम सहज निष्पन्न होतात. दोन बॅटऱ्या एकाच वेळी न बदलता, वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने बदलाव्यात. बदलण्याची मुदत छापील आयुष्यावरून न ठरविता खोलीच्या नोंदलेल्या तापमानावरून ठरवावी. ठराविक काळाने बॅटरीचे प्रत्यक्ष विसर्जन करून चाचणी घ्यावी आणि क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली आल्यास ती बाद समजावी. केवळ व्होल्टता पाहून निर्णय देऊ नये, कारण जीर्ण बॅटरीही भाराविना पूर्ण व्होल्टता दाखविते. दोन्ही बॅटऱ्यांची चाचणी एकाच दिवशी घेऊ नये. वऱ्हाडात ही चाचणी फेब्रुवारीत आटोपणे इष्ट, म्हणजे उन्हाळा व वळीव यांपूर्वी दोष दुरुस्त करण्यास अवकाश मिळतो.

शीघ्रस्मृतीऐवजी डिस्कवरच लिहिले तर हा सारा खटाटोप टळेल, हे खरे. परंतु वेगाचा त्याग आज कोणत्याही मोठ्या कार्यालयास परवडणारा नाही. वेग घ्यावयाचा तर त्यासोबत येणारे वचनही पाळले पाहिजे. आणि ते वचन दोन बॅटऱ्यांच्या संख्येवर नव्हे, तर त्या एकाच कारणाने एकाच वेळी निकामी होणार नाहीत या दक्षतेवर उभे आहे.